देव उचलला ती जागा

आमच्या खारीचे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनीचे, तीन नकाशे होते आणि तिन्ही सरकारचेच. एक मोजणी खात्याचा, एक वनखात्याचा आणि एक खारभूमीवाल्यांचा. पेणच्या कचेरीत वरच्या माळ्यावर भिंतीला पडदा लावून ते एकावर एक टाकले, तेव्हा आमची भातशेती हिरव्या रंगाखाली गेली.

हिरवा म्हणजे कांदळवन. आम्ही तिवर म्हणतो. तिवर आहे तिथे माती टाकायची नाही, मशीन न्यायचं नाही, असा कायदा आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिवर असतं म्हणून बांधाला लाटेचा मार कमी बसतो. पण पडद्यावर बांधही हिरव्यात होता आणि बांधाच्या आतली शेतंही. प्रत्यक्षात तिवर बांधाच्या बाहेर, खाडीच्या बाजूला आहे. आत आम्ही दरवर्षी भात लावतो.

बांध मात्र त्या वर्षी वाईट झाला होता. उघाडीजवळ, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दाराजवळ, खेकड्यांनी तो आतून पोखरला होता. भरतीला आतल्या बाजूने पाणी पाझरायचं. खारभूमीकडून दुरुस्ती मंजूर झाली, पोकलेन रामवाडीला येऊन उभा राहिला, आणि वनखात्याने काम थांबवलं. त्यांच्या हिशेबाने तो बांध जंगलात होता.

पुढच्या अमावास्येला मोठं उधाण होतं. पावसाच्या तोंडावर बांध फुटला तर पावसाळाभर बांधता येत नाही. रोज भरती आत येते. मग त्या शेतात भात नाही, तिवरच उगवतं. गावातल्या, खाडीलगतच्या पहिल्या रांगेच्या शेतांचं असंच झालं होतं, माझं लग्न झालं त्या वर्षी.

बैठकीला घरातलं एक माणूस यायचं होतं. माझे यजमान रोह्याला कंपनीत आहेत, त्यांची पहिली शिफ्ट होती. माझे चुलतसासरे, त्यांना सगळे तात्या म्हणतात, ते बांधाच्या कमिटीचे पुढारी. ते मला म्हणाले, "चल गो तू. बाईमानूस असलं का साहेब वरडत नाय."

मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. चौथी शिकले आहे, अक्षर वाचता येतं, पण चार माणसांत तोंड उघडायला मला जमत नाही. बोलायची वेळ येऊ नये म्हणून मी पदराचं टोक बोटांत गुंडाळत बसले होते.

वनखात्याचे साहेब म्हणाले, "आमच्या यादीत शेतांचे हे नंबर कांदळवन म्हणून आहेत. यादीबाहेर मला जाता येत नाही."

मोजणीवाले म्हणाले, "नंबर कुठे बसतो ते आम्ही सांगणार. आमच्या नकाशात हे नंबर बांधापासून आत आहेत."

"अहो, आत भात पिकतं!" खारभूमीचे साहेब म्हणाले. "मी उभा राहून बघितलंय."

"मग तुमच्या नकाशावर नंबर दाखवा."

"आमचा बांधाचा नकाशा आहे. त्याला नंबर कशाला?"

या सगळ्यांना एका जागी बसवायला अलिबागहून एक मॅडम आल्या होत्या. सगळ्या खात्यांचे नकाशे संगणकावर एका मापात आणायचे, एकमेकांशी जुळवायचे, हे त्यांचं काम. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण आवाज शांत. त्या म्हणाल्या, "म्हणजे प्रत्येकाचा नकाशा आपापल्यापुरता बरोबर आहे."

तात्या उठले. "मॅडम, ह्ये तुमचं चालू द्या. पन उधान काय नकाशा बघून येतंय व्हय?"

सगळे हसले. वनखात्याचे साहेबही हसले. पण हसून झाल्यावर हिरवा रंग तिथेच होता.

मॅडमनी मग पडद्यावर वरून काढलेला फोटो आणला. त्यात आमचं गाव दिसलं, देवळाचं छप्पर, विहीर. त्यावर मोजणीच्या लाल रेघा ठेवल्या. नकाशातली विहीर खऱ्या विहिरीवर बसेना. देऊळ देवळावर बसेना. मॅडम पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "सगळं एकाच दिशेला सरकलंय. खाडीकडून गावाकडे. आणि सारखंच." त्या मोजणीवाल्यांकडे वळल्या. "हा नकाशा जमिनीवर कशाला धरून बसवला होता?"

"उघाडीजवळच्या दगडाला. जुन्या नकाशात आहे आणि जागेवरही आहे. बाकीचे दगड सापडलेच नाहीत."

तात्या लगेच म्हणाले, "तो आमचा देव हाय. पयल्यापासून तितंच."

माझा हात पदरावर थांबला. कारण तो देव पहिल्यापासून तिथे नाही.

माझं माहेर रोह्याच्या आतल्या गावातलं. तिथे गोड्या पाण्याची भातं आणि मागून वाल. खारी जमीन मी लग्न होऊन आले तेव्हा पाहिली, आणि पाहिली तीच बुडालेली. जुना बांध फुटला होता. पहिल्या रांगेची शेतं खाडीने घेतली. फुटलेलं बांधून होईना, म्हणून गावाने मागे सरून नवा बांध घातला. बांधाचा देव पाण्यात कसा ठेवायचा, म्हणून वाजतगाजत नव्या बांधावर आणला. पुरुषांनी खांद्यावर घेतला, आम्ही बायका मागून पाण्याचे हांडे घेऊन. मी नवी नवरी, मला बायकांत सगळ्यात पुढे ठेवलं होतं. दगडाच्या खालच्या बाजूला कोरलेली खूण होती. ती कशाची, कुणी विचारलं नाही. आमच्यासाठी तो देव होता, आणि देवाच्या अंगावर खुणा असतातच.

पुढे मोजणीची मंडळी आली असतील, त्यांनी विचारलं असेल, हा दगड इथलाच का, आणि कुणीतरी मनापासून सांगितलं असेल, हो, पहिल्यापासूनचा. त्यात कुणाचा खोटेपणा नव्हता. देव उचलून आणला तरी तो हलला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

मॅडमनी ठरवलं की सगळ्या खात्यांनी मिळून जागेवर यायचं, ओहोटी बघून. रिक्षेत तात्या खुशीत होते. मी गप्प होते. मी एरवीही गप्पच असते, त्यामुळे त्यांना काही वेगळं वाटलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या वाल सोलत होत्या. "आनला ना, आपूनच आनला," त्या म्हणाल्या. "पन भावोजींच्या म्होरं बोलू नको."

"का?"

"पयल्या रांगेत कोनाची शेतं व्हती? त्यांचं आनि आपलं. मोजणीच्या नकाशात ती शेतं आज बांधाच्या आत, कोरडी दिसतात, म्हनून यादीतनं काडून घेता येतील. तू देवाची जुनी जागा सांगितलीस का दोनी नंबर तिवरात जातील. जंगल म्हनून. मग कदी काय मिलायचं नाय."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी यजमानांना फोन केला. मागे मशीनचा आवाज होता. ते म्हणाले, "तू कशाला बोलतेस? एवढे साहेब आहेत, बघतील." मग जरा थांबून म्हणाले, "शेत गेलेलंच आहे तसं." आणि सुट्टी संपल्याचा भोंगा झाला म्हणून फोन ठेवला. बोल म्हणाले की बोलू नको म्हणाले, ते मला कळलं नाही.

पाहणीच्या दिवशी मंडळी उशिरा आली. ओहोटीची वेळ निघून गेली होती, खाडीचं पाणी वळलं होतं. बांधाच्या बाहेरच्या चरात, जिथून बांधासाठी माती काढतात, तिथे ते हळूहळू भरायला लागलं होतं. लांब धरमतरच्या बाजूला बार्ज उभे दिसत होते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या येऊन उघाडीच्या कठड्यावर बसल्या होत्या. मी चहाची किटली घेऊन होते.

मोजणीवाल्यांकडे उंच काठी होती, डोक्यावर पांढरी ताटली. ती त्यांनी देवाशेजारी उभी केली आणि हातातल्या यंत्रात बघितलं. मॅडमनी आपल्या संगणकात बघितलं. परत तेच. देवाला धरलं की आमच्या पहिल्या रांगेचे नंबर बांधावर आणि भातशेतीवर येत होते, आणि ते नंबर वनखात्याच्या यादीत होते.

"हा दगड इथलाच ना?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"देव काय हलतो व्हय?" तात्या म्हणाले.

वनखात्याच्या साहेबांनी कपाळ पुसलं. "मग माझ्या हातात काही नाही. फाइल वर पाठवावी लागेल. पावसाआधी होईल असं मी सांगत नाही."

खारभूमीचे साहेब बाजूला जाऊन फोनवर बोलू लागले. पोकलेनच्या मालकाशी. "नाही, इथलं राहिलंय. तुम्ही रोह्याचं काम धरा."

ते ऐकलं आणि मला वाटलं, आता मशीन गेलं तर परत येत नाही. मी मॅडमना कप देत होते. कप देता देता बोलले, खाली बघून. "तो इथं नव्हता."

मला वाटलं फक्त त्यांनाच ऐकू गेलं. पण बांधावर वारा तात्यांच्या बाजूला होता.

"गप गो!" तात्या म्हणाले. "तुला काय म्हायती? तू मागनं आलेली."

सगळे माझ्याकडे बघत होते. किटली खाली ठेवावी की धरून ठेवावी ते कळेना. अजून एक शब्द माझ्या तोंडून निघाला नसता.

कठड्यावरून सासूबाईंचा आवाज आला. "ती मागनं आली, मी तं आदीची हाय ना? भावोजी, देव काय चालत आला? तुमच्याच खांद्यावर व्हता. खांदा सोलला म्हनून रात्री वरडत व्हता तुमी, हलद कोनी लावली?"

खारभूमीच्या साहेबांना हसू आलं, ते त्यांनी फोनमागे लपवलं. तात्या हसले नाहीत. मोजणीवाले देवाजवळ खाली बसले, माती उकरून बुडाची खूण बघितली आणि म्हणाले, "सरकारी निशाणीचा दगड हलवला तुम्ही? गुन्हा आहे हा."

"दगड नाय तो," तात्या म्हणाले. आवाज उतरला होता. "आनि बांध फुटला तवा तुमच्यातलं कोन आलं व्हतं?"

"ते नंतर," मॅडम म्हणाल्या. "आधी तो कुठे होता?"

तात्यांनी तिवराकडे हात केला. समोर सगळं हिरवं. जुन्या बांधाचा थोडा उंचवटा झाडांत उरलेला होता, पण त्यावर देव नेमका कुठे होता? तात्या एक जागा दाखवत होते, सासूबाई दुसरी. दोघांचं जुंपलं. मोजणीवाले म्हणाले, "अंदाजावर नकाशा बसत नाही."

तेव्हा मला जात्याची आठवण झाली. देव उचलला की त्याची जागा मोकळी ठेवायची नाही, काहीतरी घरातलं जड तिथे पुरायचं, अशी इथली रीत. सासूबाईंनी त्या वेळी फुटक्या जात्याचा खालचा दगड दिला होता. मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

"जातं," मी म्हणाले.

"व्हय गो! जातं!" त्या कठड्यावरून उठायलाच लागल्या. "जा बघ. आकडी ने."

आकडी म्हणजे खेकडे काढायची लोखंडी सळई, टोकाला वाकवलेली. आमच्याकडची कुठली बाई बांधावर तिच्याशिवाय येत नाही. मी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि चरात उतरले. पाणी मांडीपर्यंत होतं. मॅडमनी बूट काढले आणि मागोमाग आल्या, मोजणीवाल्यांची काठी आणि यंत्र डोक्यावर धरून. मोजणीवाले बूट घालून उतरले, ते दोन पावलांत रुतले आणि परत फिरले.

तिवरात चिखलातून टोकदार मुळं वर आलेली असतात, त्यावर पाय पडला तर कापतो. मी मॅडमना माझ्या पावलावर पाऊल ठेवायला सांगितलं. उंचवट्यावर पोचलो तेव्हा तिथे चिखल नुसता ओला होता. मी आकडी खुपसत गेले. जुन्या बांधाचे दगड लागले, कालवांचे शिंपले चिकटलेले, खरखरीत. पुन्हा दगड. पुन्हा. तिवर इतकं वाढलं होतं की मला बांध कुठून कुठे जायचा तेच आठवेना. मला आठवत होता तो हांड्याचा भार आणि पुढे चालणाऱ्यांच्या पाठी. मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी घाई केली असती तर मी परत फिरले असते.

पाणी उंचवट्यावर आलं. पहिल्यांदा फेस, मग पातळ थर, मग घोट्यापर्यंत. आता खाली काही दिसेना. मी आकडी सोडली आणि हातानेच चाचपू लागले. एका मोठ्या खोडाच्या मुळांत काहीतरी सपाट लागलं. त्यावरचा चिखल हाताने सारला. गोल कड लागली. मधोमध माझं बोट खळग्यात गेलं, जात्याचा खुंटा बसतो त्या खळग्यात.

"मिळालं," मी म्हणाले. एवढ्या हळू की मॅडमनी "काय?" विचारलं.

काठीचं टोक त्याच खळग्यात बसलं, जसं काही त्यासाठीच केलेलं. मॅडमनी काठी माझ्या हातात दिली. तिला मध्यावर काच होती, आत पाण्याचा बुडबुडा. "तो गोलाच्या आत ठेवा. अजिबात हलवू नका. हलली तर पहिल्यापासून." आणि त्या हातातल्या यंत्रात बघू लागल्या.

मी बुडबुड्याकडे बघत उभी राहिले. पाणी पोटऱ्यांना लागलं. झाडांमुळे वरून, उपग्रहाकडून, खूण मिळायला उशीर होतोय, असं मॅडम म्हणाल्या. हात भरून आले. पायाखालून चिखल सरकत होता आणि बुडबुडा कडेला जात होता, मी त्याला आत आणत होते. मुळांतून पाणी आत घुसायचा आवाज आता सगळीकडून येत होता.

बांधावरून तात्या ओरडले, "बाहेर या गो! चर भरला! पानी मागनं येतंय!"

मॅडमनी मागे वळून बघितलं. त्यांना पोहता येत नव्हतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा एवढंच म्हणाल्या, "थोडं. अजून थोडं."

पाणी गुडघ्याला आलं. मी शेताचा विचार करत नव्हते, खरं सांगायचं तर उधाणाचाही नाही. फक्त तो बुडबुडा. तात्या परत ओरडले. या वेळी शब्द कळले नाहीत.

"झालं," मॅडम म्हणाल्या.

चरात पाणी छातीला लागलं. मॅडमनी यंत्र उंच धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने माझा दंड, इतका घट्ट की वळ उठला. मधे माझा पाय निसटला. तेवढ्यात समोरून हात आला. तात्या धोतरासकट पाण्यात उतरले होते. त्यांनी आधी मॅडमना ओढलं, मग मला. बांधावर चढल्यावर ते धोतर पिळत बाजूला झाले.

जीपच्या मागच्या बाजूला संगणक ठेवून मॅडमनी नकाशा बसवला. ओल्या बोटांनी चालेना म्हणून मी पदराची कोरडी कड दिली. लाल रेघा खाडीकडे सरकल्या. विहीर विहिरीवर बसली, देऊळ देवळावर. आमच्या पहिल्या रांगेचे नंबर बांध ओलांडून बाहेर गेले आणि तिवराच्या हिरव्यात बसले. नंबर मला वाचता येतात. एक आमचा होता, त्याच्या शेजारी तात्यांचा.

"गेलं," तात्या म्हणाले.

वनखात्याच्या साहेबांनी यादीशी एकेक नंबर ताडून बघितला. मग म्हणाले, "बांध यादीबाहेर आहे. आतल्या बाजूने काम करा. बाहेर तिवरावर माती पडली तर मी परत येईन." खारभूमीच्या साहेबांनी तिथूनच पोकलेनवाल्याला फोन लावला. तो नागोठण्यापर्यंत पोचला होता, तिथून त्याला फिरवला. दगड हलवल्याचा गुन्हा काही दाखल झाला नाही, पण मोजणीवाल्यांनी लिहून घेतलं आणि कमिटीची सही घेतली. सही तात्यांनी केली.

लेखी परवानगी आली, मशीन चाललं. उघाडीच्या कोपऱ्यावर मात्र तिवर बांधाला इतकं भिडलं होतं की मशीन नेता आलं नाही. तिथे घरटी एक माणूस उतरलं आणि चिखलाचे गोळे हातोहात देत बांध भरला. यजमान सुट्टी टाकून आले होते. माझ्या पुढे उभे राहून गोळे घेत होते. शेताबद्दल आम्ही बोललो नाही. ते एवढंच म्हणाले, "तू बोललीस म्हणे," आणि पुढचा गोळा घेतला.

मोजणीवाल्यांनी देवापासून बाजूला सिमेंटचा छोटा खांब रोवला, वर लोखंडी खिळा. याला हात लावायचा नाही असं बजावून गेले. दुसऱ्या सकाळी मी गेले तर माझी मोठी जाऊ त्याला हळदकुंकू लावत होती.

"याला नको लावू," मी म्हणाले.

"का गो? बांधावरचा हाय. हा पन देव होईल."

"म्हणूनच नको."

तिने माझ्याकडे बघितलं, मग कुंकू पुसलं. पण फूल ठेवलंच.

अमावास्येच्या दुपारी सगळं गाव बांधावर होतं. पाणी एवढ्या संथ चढत होतं की बघून कळत नव्हतं. कठड्यावरचे डाग एकेक करून बुडत गेले. तिवराची खोडं बुडाली, मग फांद्या, आणि नुसते शेंडे पाण्यावर उरले. वारा पडला होता ते बरं. मशीनने केलेला बांध कोरडा राहिला. हाताने भरलेल्या कोपऱ्यावर मात्र पाझर फुटला, आधी घाम आल्यासारखा, मग बारीक धार. कुणी गोणी आणली, कुणी पेंढा. मी ओल्या मातीवर पाय रोवून उभी राहिले.

तात्या येऊन माझ्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनीही पाय रोवला. पाहणीच्या दिवसानंतर ते माझ्याशी बोलले नव्हते. मग तिवराच्या शेंड्यांकडे बघत म्हणाले, "ते बघ. तुमचं शेत आनि माजं शेत. लाट तितंच मोडतेय."

मी बघितलं. तिकडे पाणी पांढरं होत होतं आणि आमच्यापर्यंत येईतो सपाट होत होतं.

बांधाच्या काठाला वीतभर उरलं असताना पाणी चढायचं थांबलं. आम्ही कुणी हललो नाही. मग पाण्यावरची एक काटकी, जी इतका वेळ बांधाकडे येत होती, ती जागच्या जागी फिरली आणि सावकाश खाडीकडे निघाली.